‘पडीक’ हा शब्द मी पण लिहिलाय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एक बातमी होती, हेडिंग होतं ‘पडीक जमिनीचं सोनं होणार’. खाली फोटो. लांबवर पिवळं गवत, मधे एक बोरीचं झुडूप आणि कडेला बोट दाखवत उभे पाच-सहा साहेब लोक. बातमीत खोटं काही नव्हतं, सौर प्रकल्प येतोय, जमीन सरकारी आहे, कुणाचं घर उठत नाही, सगळं बरोबर. पण तो ‘पडीक’ शब्द खटकला, आणि खटकायचं कारण असं की तो शब्द मी स्वतः एकतीस वर्षं लिहिलाय. तलाठी होतो मी. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आमच्या वेळी तलाठीच. त्यामुळे हे पत्र म्हणजे थोडी तक्रार आहे आणि थोडा कबुलीजबाब.

ज्यांनी सातबारा नीट पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गाव नमुना सातवर लागवडीयोग्य क्षेत्र वेगळं लिहितात आणि त्याच्याखाली पोटखराबा. पोटखराबा म्हणजे लागवडीस अयोग्य. खडक, ओढा, नाला, खाचखळगे, माळ, जे पिकत नाही ते सगळं तिथे. बाराव्या नमुन्यात पीक पाहणीला गेलो की जिथे पीक नाही तिथे ‘पड’ लिहायचं आणि पुढच्या गटाकडे जायचं. गायरान असेल तर कब्जेदाराच्या जागी ‘सरकार’ आणि इतर हक्कात ‘गुरचरण’. बास. त्या जमिनीवर काय उगवतं, कोण राहतं, कोण चरतं, ह्याला नमुन्यात कॉलमच नाही. आणि कॉलम नाही म्हणजे ती गोष्ट सरकारच्या लेखी नाही, हे कुठलाही तलाठी झोपेतून उठवलात तरी सांगेल. हा सगळा हिशोब इंग्रजांच्या काळापासूनचा, ज्या जमिनीतून सारा येतो ती जमीन आणि ज्यातून येत नाही ती ‘वेस्ट’. इंग्रज गेले, सारा पण नावापुरता राहिला, शब्द मात्र तसाच चिकटून बसलाय.

आणि हे फक्त गावपातळीवर आहे असं समजू नका. केंद्र सरकार चक्क ‘वेस्टलँड अॅटलास’ काढतं, पडीक जमिनींचा नकाशा. २०१९ च्या अॅटलासमधे देशातली साडेपाच कोटी हेक्टरच्या वर जमीन पडीक दाखवलीय, म्हणजे देशाच्या क्षेत्रफळाच्या जवळपास १७ टक्के. त्यात वर्ग कुठले कुठले आहेत बघा, विरळ झुडपांची जमीन, खराब झालेली कुरणं, वाळवंटी वाळू, उघडा खडक, आणि हे वाचून मला हसू आलं, ‘दाट झुडपांची जमीन’ सुद्धा. झुडपं दाट असली तरी पडीक! आता दुसऱ्या बाजूला वनसर्वेक्षणवाले काय करतात, एक हेक्टरपेक्षा मोठ्या जागेवर झाडांची सावली दहा टक्क्यांच्या वर असली की ते वनआच्छादन, मालक कोण आणि झाड कुठलं हे बघायचं नाही. म्हणजे कुणाची आमराई, कुणाची नारळाची बाग, ही हिशोबात जंगल धरली जाऊ शकते, आणि हजारो वर्षांचं माळरान, जिथे लांडगा पिल्लं काढतो, ते मात्र वेस्टलँड. मी काही शास्त्रज्ञ नाही पण एवढं कळतं की मोजपट्टीच चुकीची असेल तर माप बरोबर येणार कसं.

माळ पडीक नसतो हे मला कळायला नोकरीची वीसेक वर्षं गेली, आणि कळवलं एका मेंढक्यानं. पीक पाहणीला गेलो होतो, कातरवेळ झालेली, वाघर म्हणजे जाळीचं कुंपण लावून मेंढरं आत घेतलेली. मी कागदावर पड पड लिहितोय हे बघून म्हातारा म्हणाला, “भाऊसाहेब, पडीक कुठंय ह्यात? पाऊस पडला की गुडघ्याएवढं गवत हुतंय की. आमच्या मेंढरांस्नी इचारा.” मग त्यानं मला बसल्या जागी चार गवतं दाखवली. पवन्या, मारवेल, डोंगरी, आणि ती कुसळी जी पायमोजात घुसते. कुठलं कधी कोवळं, कुठलं कधी जून होतं, कुठल्या गवतानं दूध उतरतं, सगळं पाठ. मी त्याच गटात आठ वर्षं पड लिहीत होतो.

पुढे हळूहळू नाद लागला, रिटायर झाल्यावर तर दुर्बीण घेतली. पुणे, सोलापूर, नगर (आता अहिल्यानगर), सातारचा पूर्व भाग, ह्या कमी पावसाच्या पट्ट्यात जे माळ अजून शिल्लक आहेत तिथे सकाळी जाऊन बसा. चिंकारा दिसेल, खोकड दिसेल, नशीब असेल तर तरस. धाविक पक्षी इतका मातीच्या रंगाचा की हलल्याशिवाय कळत नाही. चंडोल, पखुर्डी, माळटिटवी ह्यांची घरटी थेट जमिनीवर, म्हणजे जिथे जेसीबी फिरला तिथे संपलं. हिवाळ्यात भोवत्या नावाचे शिकारी पक्षी मध्य आशियातून इथे येतात आणि रात्री गवतातच जमिनीवर झोपतात. हजारो किलोमीटर उडून यायचं ते ह्या आमच्या ‘पडी’त झोपायला! आणि लांडगा. देशात लांडगे उरलेत अंदाजे तीन हजार. वाघ २०२२ च्या गणनेत सरासरी ३,६८२ धरले होते. म्हणजे लांडगा वाघापेक्षा कमी, पण लांडग्याचा फोटो कुठल्या टूरिझमच्या बोर्डावर बघितलाय का तुम्ही? शिवाय वाघाला व्याघ्रप्रकल्प आहेत, लांडगा बिचारा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, पण राहायला बहुतेक ठिकाणी पोटखराब्यात. जनावराला संरक्षण आणि त्याच्या घराला नाही, असा अजब मामला आहे.

बरं माळ नुसता विकून किंवा वाटून जातो असं नाही, लाडाने पण मरतो. झाडं लावून. आपल्या राज्यात २०१९ ला एका वर्षात ३३ कोटी झाडं लावायचा कार्यक्रम होता, त्याआधी २०१६ ला दोन, मग चार, मग तेरा कोटी. मी स्वतः खड्डे मोजलेत, त्यामुळे सांगायचा हक्क आहे. एवढी झाडं लावायला रिकामी जागा कुठून आणायची? मग माळच दिसतो, तिथे आधीच ‘काही नाही’ ना. आमच्याकडच्या एका माळावर एका खात्याची माणसं आली, सलग समतल चर खणले, वर गिरिपुष्प लावलं. गिरिपुष्प मेंढरं सहजासहजी खात नाहीत, म्हणून जगलं, म्हणून प्रकल्प यशस्वी. चिंकारे गेले. गेले म्हणजे कुठे गेले हे कुणी विचारलं नाही, कारण ते होते अशी नोंदच नव्हती. १९८८ च्या वनधोरणात देशाची एक तृतीयांश जमीन वनाखाली किंवा झाडांखाली आणायचं लिहून ठेवलंय, त्या ३३ टक्क्यांच्या मागे सगळे धावतायत. २०१६ चा भरपाई वनीकरण निधीचा कायदा आला, एकीकडचं जंगल तोडलं की दुसरीकडे लावायचं. २०२३ पासून ग्रीन क्रेडिट आलं, म्हणजे झाडं लावली की सरकारकडून गुण मिळायची योजना, त्यातही वृक्षारोपणाला झुडपी जमीन आणि पडीक जमीन चालते असंच आहे. म्हणजे खरं जंगल तोडण्याची भरपाई माळ मोडून करायची. एका ठिकाणचं घालवून दुसऱ्या ठिकाणचंही घालवायचं, आणि कागदावर मात्र बेरीज शिल्लक. तलाठ्याला सुद्धा असा हिशोब जमला नसता!

सरळ सांगायचं तर माळ वनखात्याकडे असेल तर झाडं लावून मरतो आणि महसूलकडे असेल तर वाटून मरतो.

आता कायद्याचं, कारण पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं. लोक म्हणतात कायदे भरपूर आहेत, अंमलबजावणी नाही. अर्धं खरं आहे. जंगलासाठी देशाचा कायदा आहे, १९८० चा वनसंवर्धन कायदा. त्याआधी चार वर्षं, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वनं आणि वन्यजीव राज्याच्या यादीतून समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो त्या यादीत, आणले, म्हणून केंद्राला असा कायदा करता आला. १९८० नंतर राज्याला वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर दिल्लीची आधी परवानगी लागते. हा मोठाच बदल होता, त्याआधी मंत्रालयातली एक फाईल पुरायची. मग १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन केसमधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वन म्हणजे शब्दकोशात जे वन ते, मालकी कुणाचीही असो, आणि सरकारी रेकॉर्डला वन म्हणून लागलेलं असेल ते पण. ह्या एका आदेशाने किती जमीन वाचली असेल ह्याचा अंदाज करणं अवघड आहे. आणि २०२३ ला संसदेने तो कायदाच बदलला, नाव पण बदललं, वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम, आणि कायदा लागू होणार तो फक्त अधिसूचित वनाला आणि रेकॉर्डवर वन म्हणून नोंद असलेल्या जमिनीला. सीमेपासून शंभर किलोमीटरमधल्या संरक्षणाच्या रस्त्यांना वगैरे सूट, प्राणिसंग्रहालय आणि सफारीला सूट. फेब्रुवारी २०२४ मधे सुप्रीम कोर्टाने अंतरिम आदेश देऊन सांगितलं की तूर्तास १९९६ चीच व्याख्या धरा. म्हणजे आत्ता सगळं एका अंतरिम आदेशाच्या दोरीवर लटकलंय.

पण मुद्दा बघा, ह्या सगळ्या भांडणात माळ कुठेय? शब्दकोशात वन बघितलं तर झाडं. रेकॉर्डला बघितलं तर पड. दोन्हीकडून माळ बाहेर. पाणथळ जागांसाठी २०१७ चे नियम आहेत, समुद्रकिनाऱ्यासाठी १९९१ पासून सीआरझेड म्हणजे किनारपट्टी नियमनाचे नियम आहेत, गवताळ जमिनीसाठी देशपातळीवर काही नाही. आणि हे मला सुचलेलं नवीन काही नाही बरं का, २००६ मधेच नियोजन आयोगाने गवताळ प्रदेश आणि वाळवंटांवर टास्क फोर्स नेमला होता, त्यांनी रिपोर्ट दिला, राष्ट्रीय चराई धोरण करा म्हणाले. त्यानंतर नियोजन आयोगच गेला, रिपोर्ट असेल कुठेतरी कपाटात. मधल्या काळात चित्ते आले. सप्टेंबर २०२२ मधे नामिबियातून आठ चित्ते आणून मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले, छान झालं, टीव्हीवर दिवसभर तेच होतं. १९५२ ला चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर केलं होतं, आणि तो गेला त्याचं एक कारण म्हणजे त्याची उघडी रानं आणि शिकार गेली. चित्ता विमानाने आणता येतो हो, रान कुठून आणणार.

कुणी म्हणेल मग माळाचं अभयारण्य करा, प्रश्न संपला. त्याला माझं उत्तर एकच, सोलापूरला जाऊन विचारा. १९७९ मधे माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर आणि नगर जिल्ह्यात अभयारण्य केलं, सोलापूरजवळचं नान्नज त्याचा जीव. हेतू चांगला, पण क्षेत्र किती धरलं, ८,४९६ चौरस किलोमीटर! अख्खा गोवा ३,७०२ आहे. म्हणजे दोन गोवे आणि वर शिल्लक. त्यात उसाचे मळे आले, खाजगी शेतं आली, वस्त्या आल्या, बाजाराची गावं आली. विहीर, रस्ता, घर, प्रत्येक गोष्टीला अभयारण्य आडवं, आणि ज्या माळासाठी हे केलं तो माळ त्या आकड्यात शोधावा लागायचा. लोक वैतागले, आणि राग निघाला पक्ष्यावर. माळढोकमुळे आमचं वाटोळं झालं असं म्हणणारी माणसं मी पाहिलीत, ती वाईट माणसं नव्हती. शेवटी २०१२ च्या सुमारास सुप्रीम कोर्टाच्या मान्यतेनंतर क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोपर्यंत माळढोक जवळपास संपला होता, आज नान्नजला एखादा दिसला तर पेपरात बातमी होते. देशभरातच दीडशेच्या आत उरलेत म्हणतात, बहुतेक राजस्थानात. उलटं उदाहरण पण आहे, रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर, सुप्याचं मयूरेश्वर पाच चौरस किलोमीटरच्या आसपास, छोटी आहेत पण नेमकी आहेत, आणि तिथे जनावर टिकलं. पण हरणाला काय कुंपण कळतं, ते बाहेरच्या माळावर जाणारच, आणि बाहेरचा माळ पडीक.

अभयारण्याच्या कायद्यातली आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९९१ ला दुरुस्ती झाली तेव्हा असं होतं की अभयारण्याची हद्द बदलायची तर राज्याच्या विधिमंडळाचा ठराव लागेल. राष्ट्रीय उद्यानाला पण तेच. ठराव म्हणजे काय, सभागृहात विषय येणार, कुणीतरी उठून विचारणार, पेपरात छापून येणार, आमदाराला मत द्यावं लागणार आणि गावात जाऊन सांगावं लागणार की मी हात का वर केला. २००२ च्या दुरुस्तीने, जी २००३ पासून लागू झाली, ती अट काढली आणि त्या जागी राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस पुरेशी झाली. मंडळाचे अध्यक्ष पंतप्रधान, पण रोजचं काम स्थायी समिती बघते, एका बैठकीत प्रस्तावांची थप्पी. समितीत जाणकार असतात हे मान्य आहे, राज्यांच्या राजकारणापेक्षा बरं असाही युक्तिवाद होता. पण समितीतल्या माणसाला मी मत दिलेलं नाही. बंद खोलीत जमीन जाते तेव्हा आवाज होत नाही, हे महसुलात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाकडून ऐका.

इथे मला अमेरिकेचं एक उदाहरण द्यायचंय, तिकडचं सगळं चांगलं असं मी मुळीच म्हणत नाही, पुढे सांगतोच. तिथे १९६४ चा वाइल्डरनेस कायदा आहे. हॉवर्ड झानायझर नावाच्या माणसाने त्याचा मसुदा लिहिला, १९५६ ला तो पहिल्यांदा संसदेत आला, मग आठ वर्षं, साठच्या वर मसुदे, आणि सप्टेंबर १९६४ मधे अध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली त्याच्या चार महिने आधी झानायझर वारले. त्या कायद्याचा गाभा एवढाच की ही जमीन कुठल्या खात्याच्या मर्जीवर राहणार नाही, यादीत घालायची ती काँग्रेसने, म्हणजे त्यांच्या संसदेने, आणि काढायची तर तीही संसदेनेच. सुरुवातीला ९१ लाख एकर होती, आता ११ कोटी एकरच्या वर गेलीय. वाढली, कारण काढणं अवघड आहे. दुसरी गोष्ट आपल्या माळासारखीच. पश्चिमेकडे कोट्यवधी एकर कोरडी, झुडपांची सरकारी जमीन होती जी कुणालाच नको होती, शेतीला नाही, नॅशनल पार्कला नाही. उरलेली, सुरलेली. आपल्या भाषेत पडच. १९७६ ला त्यांनी कायदा केला की ही जमीन साधारणपणे सरकारकडेच, म्हणजे लोकांकडेच राहील. आणि जून २०२५ मधे त्यांच्या सिनेटमधे अशी काही जमीन विकायचा प्रस्ताव आला तेव्हा शिकारी, मासे पकडणारे, ट्रेकिंगवाले, रिपब्लिकन मतदार सुद्धा, सगळे एकत्र ओरडले आणि प्रस्ताव मागे घ्यावा लागला. असं ओरडायला आधी ती जमीन आपली आहे हे लोकांना माहीत पाहिजे. आपल्याकडे किती जणांना सांगता येईल की आपल्या गावाचं गायरान कुठल्या गटात आहे?

आता त्या कायद्यातली खोट. त्यात रानाची व्याख्याच अशी आहे की तिथे माणूस पाहुणा, राहणारा नाही. वाचायला सुंदर, पण ज्या जमिनींना ते निर्मनुष्य रान म्हणतात तिथे मूळचे लोक पिढ्यानपिढ्या राहत होते आणि त्यांना आधी हुसकावलं गेलं होतं. ही व्याख्या आपल्याकडे आणलीत तर पहिला बळी मेंढपाळाचा जाईल, आणि मेंढपाळ गेला की माळ पण जातो, कारण चराई पूर्ण थांबली तरी गवत बिघडतं आणि झुडपं माजतात. फलटण, पुरंदर, बारामतीकडचे धनगर दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, घेऊन कोकणात उतरतात, लोकांच्या शेतात मेंढरं बसवतात, खत होतं, पावसाच्या तोंडाला परत माळावर. ही व्यवस्था कुठल्याही आराखड्यापेक्षा जुनी आहे आणि लांडगा तिच्यातच जगतो, वर्षाला चार कोकरं नेतो, धनगर शिव्या देतो आणि पुढे जातो. ‘त्याचा वाटा’ म्हणणारे पण भेटलेत मला. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचा चराईचा हक्क लिहिलेला आहे, पण तो वनजमिनीपुरता, आणि आदिवासी नसलेल्याला तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा मागतात. सतत फिरणाऱ्या माणसाने कुठल्या गावचा पुरावा आणायचा? महसुलाच्या माळाला तर तो कायदा लागूच नाही. तरी त्याच कायद्याने काय होऊ शकतं ते गडचिरोलीच्या मेंढा लेखाने दाखवलं, २००९ मधे सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क ग्रामसभेला मिळाला, गावाने जंगल सांभाळलं, बांबू विकून पैसे पण केले. आमच्या गावात आम्हीच सरकार म्हणणारं गाव ते. म्हणजे माणसं बाहेर काढूनच रान वाचतं हे काही खरं नाही.

विदर्भातली झुडपी जंगलाची गोष्ट पण ह्याच जातीची आहे, थोडक्यात सांगतो. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली रेकॉर्डमधे गुरं चारायच्या खुरट्या जमिनींना ‘झुडपी जंगल’ लिहिलेलं. नंतर प्रश्न आला, हे जंगल की नुसतं झुडूप? ८६ हजार हेक्टरच्या वर जमीन आणि त्यावर तोपर्यंत शाळा, घरं, ऑफिसं, स्मशानं झालेली. अनेक दशकं भिजत पडलं. २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे वनच धरा, १९९६ च्या आधी रीतसर दिलेल्या जागांना वाट काढून दिली. एका कारकुनाने शंभर वर्षांपूर्वी ‘जंगल’ हा शब्द लिहिला म्हणून ती जमीन आज वाचतेय. आमच्याकडच्या कारकुनाने ‘पड’ लिहिलं.

मला काय पाहिजे ते सांगतो आणि थांबतो. संसदेने गवताळ आणि खुल्या रानांसाठी स्वतंत्र कायदा करावा, नियम किंवा अधिसूचना नको, कारण अधिसूचना मंत्रालय स्वतःच बदलू शकतं. माळ, कुरण, सडा, झुडपी रान ह्यांना त्यात स्वतःचं नाव मिळावं. सडा म्हणजे कोकणातले आणि घाटमाथ्यावरचे कातळ, एप्रिलमधे कास पठार बघितलंत तर तुम्ही पण पडीकच म्हणाल, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमधे तिकिट काढून लाईनीत उभे राहता, आणि जागतिक वारसा पण आहे ते. कुठला गट यादीत घ्यायचा हे ग्रामसभेला आणि तिथे चारणाऱ्यांना विचारून ठरवावं, नकाशावर आठ हजार चौरस किलोमीटरचा गोल मारून नाही. चराईचा हक्क कायद्यातच असावा, झाडं लावायला बंदी असावी (हो, बंदी), आणि एकदा यादीत गेलेली जमीन काढायची असेल तर सभागृहात मतदान व्हावं, नावानिशी. जमीन राज्याचा विषय आहे, केंद्राने कशाला पडायचं असं कुणी म्हणेल, पण वनं आणि वन्यजीव समवर्ती सूचीत आहेत, आणि १९८० ला पण हाच आक्षेप होता. सौर प्रकल्प नकोत असं माझं म्हणणं नाही, शेतकऱ्याला दिवसा वीज मिळाली पाहिजे, रात्री पाणी द्यायला गेलेल्याला साप चावलेले पंचनामे मी लिहिलेत. पण जागा निवडताना तिथे लांडग्याची ढोल म्हणजे बीळ आहे की नाही हे बघायची सक्ती तरी असू दे. आज ती नाही, कारण पडीक जमिनीत बघायचं काय.

हे सगळं दिल्लीत होईल तेव्हा होईल, तिथे वेळ लागतो, २०२६ हे संयुक्त राष्ट्रांनी कुरणांचं आणि पशुपालकांचं वर्ष ठरवलंय, त्या निमित्ताने एखाद्या खासदाराने प्रश्न जरी विचारला तरी खूप. तुमच्याकडे मात्र एक छोटी विनंती आहे, ती उद्यापासून जमेल. परत अशी बातमी आली तर वार्ताहराला सांगा, त्या गटाचा सातबारा काढ, ऑनलाईन मिळतो आता, दहा मिनिटाचं काम आहे, आणि इतर हक्कात काय लिहिलंय तेही बातमीत टाक. गुरचरण लिहिलं असेल तर हेडिंगमधे गुरचरणच छापा. आणि फोटो काढायला जाल तेव्हा जमलं तर साहेब लोक येण्याच्या आधी, सकाळी सहाला जा.

आपला,
एक निवृत्त तलाठी